निरुपयोगी नोंदीचा नमुना

उदाहरणादाखल एक निरुपयोगी नोंद हवी होती. उपयुक्त नोंद श्रेयांसजवळ तयार होती; स्लाइडच्या डाव्या अर्ध्या भागात ती त्याने सकाळीच बसवली होती, आणि उजवा अर्धा भाग दुपारपर्यंत पांढराच राहिला होता. पुण्याला भरणाऱ्या परिषदेत, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लोकांपुढे, त्याला एक मर्यादित विधान करायचे होते: ज्या प्रकल्पाला कोणीही हात लावू शकतो, अशा खुल्या प्रकल्पात तक्रार करणाऱ्याच्या हातात कोरा कागद देऊ नये, आखलेला साचा द्यावा, त्याने दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो. विधान मर्यादित ठेवले तरच ते सिद्ध करता येते, हे त्याला कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाने शिकवले होते. कारंजा लाडच्या बाजारगल्लीत, वडिलांच्या कापडदुकानावरच्या खोलीत बसून तो बंद झालेल्या तक्रार-नोंदींची यादी खाली सरकवत होता. दुकान आता मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याला भाड्याने दिले होते, आणि गिऱ्हाइकांना ऐकवलेले रिंगटोन अर्धेअर्धे वर येत. त्याचा त्याला त्रास होत नसे. अर्धवट गोष्टी कानाआड करण्याची त्याला सवय होती.

त्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे नाव ‘कानोसा’. ते मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. ज्यांना दिसत नाही, किंवा दिसेनासे होत चालले आहे, त्यांच्यासाठी. त्याची आई पानाबाई हिची दृष्टी काचबिंदूने कडेकडून आत आत विझत गेली, तेव्हा पुण्याची नोकरी घरून करण्याची परवानगी घेऊन तो कारंज्याला परतला आणि पहिल्याच वर्षी ‘कानोसा’ लिहिला. फुकट वापरता येईल असा बरा मराठी आवाज त्या वेळी मिळाला नाही, म्हणून खिडक्यांना गाद्या लावून त्याने स्वतःचाच आवाज मुद्रित केला, त्याचे बारीक तुकडे केले आणि ते यंत्राला दिले. परिणामी कुठल्या कुठल्या गावांत, त्याने कधी न पाहिलेल्या घरांत, सकाळचे वर्तमानपत्र श्रेयांसच वाचत असतो. याचा त्याला अभिमान वाटे असे म्हणता येणार नाही. त्याला ते एक चमत्कारिक सत्य वाटे, आणि चमत्कारिक सत्यांना तो फार वेळ देत नसे.

साचा आला तो त्रासातून. लोक लिहीत: चालत नाही. आवाज बरा नाही. भाऊ कसं करायचं. अशा तीन शब्दांच्या तक्रारीवर उलट चौकशी करताकरता त्याचे रविवार संपत. मग त्याने चौकटी आखल्या: फोन कोणता, आवृत्ती कोणती, तुम्ही काय केलेत, तुमची अपेक्षा काय होती, प्रत्यक्षात काय घडले. चौकटी रिकाम्या असतील तर काही दिवसांनी नोंद आपोआप बंद करणारा एक छोटा प्रोग्रामही त्याने दाराशी बसवला. वैजयंती त्याला शिपाई म्हणे. ती मूळची रिठदची, वाशिमच्या एका कॉलेजात संगणक शिकवते, आणि ‘कानोसा’चा भार त्याच्याइतकाच तिच्यावरही आहे. शिपाई आल्यानंतर अनुत्तरित नोंदींचा आलेख खाली वळला आणि खालीच राहिला. तो आलेख व्याख्यानाची तिसरी स्लाइड होता. श्रेयांसला ती रेषा आवडे. तिच्यात शांतता होती.

निरुपयोगी नोंद त्याला चहाच्या सुमारास सापडली. पाठवणाऱ्याच्या जागी ‘श्रोता’ एवढेच होते, सगळ्या चौकटी रिकाम्या होत्या, आणि मजकूर असा होता: “हा मानूस श्वासच घेत नाई. मले याच्या संगं म्हनता येऊन नाई राह्यलं. असू दे. जेवताना नको सांगू म्हनते तो.” तो हसला. याहून चांगला नमुना मागूनही मिळाला नसता: दोष कुठला हे नाही, आवृत्ती नाही, यंत्राला माणूस म्हटलेले, आणि शेवटी एक भरकटलेले वाक्य. त्याने मजकूर उचलून उजव्या बाजूला ठेवला, अक्षर थोडे मोठे केले, तो दोन ओळींत बसतो का पाहिले, बसत नव्हता म्हणून पुन्हा लहान केले. खालून एक रिंगटोन वर आला आणि मध्येच तुटला. शेवटचे वाक्य एकटेच तिसऱ्या ओळीवर गेले होते. जेवताना नको सांगू म्हनते तो. कीबोर्डवरचा हात त्याने काढून घेतला आणि मांडीवर ठेवला, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा आहे आणि त्याला सांभाळून ठेवायचे आहे.

जेवताना नको, असे त्यानेच म्हटले होते. तेव्हा आई भाकरी वाढतावाढता सांगे: तुह्या यंत्रानं आज मयताची बातमी लगनाच्या सुरात वाचली. किंवा: तो आकडे लय घाई घाई म्हनते. जेवणाची वेळ ही त्याच्या दिवसातली एकमेव न लिहिण्याची वेळ होती, म्हणून तो एकदा, आवाज न चढवता, म्हणाला होता, “आई, जेवताना नको सांगू. त्यात तक्रारीचं बटण आहे. दाबून धर आणि बोल. नोंद झाली की मी बघतो.” ते बटण वैजयंतीने नुकतेच केले होते, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलावे आणि बोललेले शब्द आपोआप यादीत जावेत, अशी ती सोय होती. आईसाठी वेगळा नियम केला असता तर तो नियम उरला नसता, हे त्याला अजूनही बरोबर वाटत होते. त्यानंतर तक्रारी थांबल्या. जेवणे शांत झाली. भाजीबद्दल, शिरपूरला जाणाऱ्या बसबद्दल, कोणाच्या सुनेबद्दल तेवढे बोलणे होई. तक्रारी थांबल्या, म्हणजे दोष कमी झाले, असा निष्कर्ष त्याने काढला होता. काढला होता असेही नाही. तो निष्कर्ष त्याच्याजवळ येऊन बसला आणि त्याने त्याला उठवले नाही. कॉलेजात त्याने असे केले असते तर सरांनी वहीत लाल रेघ मारली असती. लोक बोलेनासे होतात तेव्हा आणि दोष नाहीसे होतात तेव्हा आलेख सारखाच दिसतो. खाली वळतो, आणि खालीच राहतो.

त्याने वैजयंतीला फोन लावला. पलीकडे बसस्टँडचा गोंगाट होता. ती रिठदच्या बसची वाट पाहत उभी होती.

“बोलून केलेल्या तक्रारी कुठे जातात, वैजयंती?”

“कुठं जातीन, श्रेयांसभाऊ? सगळ्याईच्या जातेत तिथंच. यादीत.”

“त्यांच्या चौकटी कोण भरतं?”

एक कंडक्टर मालेगावच्या नावाने ओरडत जवळून गेला. “हात बापा,” ती म्हणाली. “कोनीच नाई भरत. मंग शिपाई त्याईले हाकलूनच देत असन.”

“सगळ्यांना. आत्ताच पाहिलं. एकही अपवाद नाही.”

“ज्याईले दिसत नाई त्याईच्यासाठी बटन केलं, अन् त्याईलेच बाहेर काढलं आपन. तुमीच तं शाबासकी देल्ली होती मले त्या बटनाची.”

“काम चांगलं होतं.”

“शिपायाचं बी चांगलंच हाये न. दोघं बी आपापलं काम चोख करून राह्यले, एकामेकाले न इचारता. आमचं कॉलेज असंच चालते.”

तिच्या हसण्यात हसणे थोडेच होते. त्याने विचारले, साचाच काढून टाकावा का.

“काहून?” ती चटकन म्हणाली. “माही पयली नोंद त्या चौकटीनंच झाली. मले कोरा कागद देल्ला असता तं मी पळाली असती. येवढी मोठी मानसं इथं, आपन काय लिहावं? पन चौकटीनं इचारलं, अन् मी सांगत गेली. साचा राहू द्या. त्या शिपायाले दारातून हटवा. अन् आज तुमचा क्षमेचा दिवस न? मंग पाठवा त्यालेच घरोघर माफी मांगाले.” बस लागली असावी, फोन बंद झाला.

शिपायाला दारातून काढायला एक ओळ पुसावी लागली. मग, हात रिकामा झाल्यामुळे, त्याने स्लाइडच्या दोन्ही बाजू पुन्हा वाचल्या, आणि या वेळी त्या एकमेकींशेजारी असल्यामुळे त्याला दिसले. डावीकडची उपयुक्त नोंद नागपूरच्या एका अभियंत्याची होती. सगळ्या चौकटी भरलेल्या, सोबत ध्वनीचा तुकडा जोडलेला: वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज थबकतो, वाक्य मध्येच तुटते, अपेक्षा अशी की त्याने सरळ पुढे जावे. इतकी नेटकी नोंद की श्रेयांसने त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली: ओळ संपली, पण विरामचिन्ह नसले, तर थांबायचे नाही. अभियंत्याने आभार मानले. रकान्यातली ओळ संपते कारण कागद संपतो. पण आई रोज म्हणते त्या स्तोत्रांच्या पुस्तकातली, पाठातली ओळ संपते कारण म्हणणाऱ्याचा श्वास संपतो. तिथे चिन्ह नसते, कारण ते म्हणणाऱ्याच्या छातीत असते. यंत्राला दोन्ही ओळी सारख्याच. उजवीकडची नोंद डावीकडच्या नोंदीच्या दुरुस्तीतून जन्मली होती. ती निरुपयोगी नव्हती. तिच्यात दोषाचे वर्णन एका वाक्यात आणि संपूर्ण होते. हा श्वास घेत नाही. याहून नेमके श्रेयांसलाही लिहिता आले नसते, आणि नेमकेपणाबद्दल त्याचे स्वतःविषयी बरे मत होते.

मग त्याला सकाळ आठवली. आजची नव्हे, पूर्वीची कुठलीही. तो इथे वर चहा घेत असे आणि खालून, दुकानामागच्या आईच्या खोलीतून दोन आवाज येत: एक त्याचा, ‘कानोसा’तला, एक आईचा. रोजचा पाठ. आईला तो अर्धा पाठ होता आणि अर्धा पुस्तकावर अवलंबून. डोळे गेल्यावर तो उरलेला अर्धा त्याच्या आवाजाने भरून काढला. ज्या शब्दांवर त्याचा विश्वास नाही ते शब्द आपण खाली बसून, सुरात, रोज म्हणत आहोत, हे ऐकताना त्याला किंचित लाज वाटे आणि तो खिडकी लावून घेई. ते दुहेरी म्हणणे केव्हा थांबले? त्याला आठवेना. दुरुस्ती झाली तेव्हापासून, हे अनुमान, निरीक्षण नव्हे. घरातली एक गोष्ट रोज घडत होती आणि एके दिवशी घडेनाशी झाली, आणि ज्याचा धंदा ऐकण्याचा त्याला बंद खिडकीमुळे ते ऐकू आले नाही. आई म्हणू लागली असेल, तिची दमछाक झाली असेल, ती मागे पडली असेल, आणि पुढे तो, तोच, तिच्यासाठी न थांबता, स्वच्छ आवाजात, ओळीमागून ओळ. मग तिने बटण दाबून धरले असेल. आणि काही दिवसांनी ‘कानोसा’ने तिला उत्तर वाचून दाखवले असेल, कारण उत्तरे वाचून दाखवण्याची सोयही होती. आपल्या नोंदीत आवश्यक माहिती आढळली नाही. कृपया चौकटी भरून पुन्हा नोंदवावे. त्यातला ‘कृपया’ त्याने विचारपूर्वक घातला होता. तो कसा उच्चारला जातो हे त्याला ठाऊक होते. तो त्याच्याच तोंडून मुद्रित झालेला होता.

आज क्षमावाणीचा दिवस असल्यामुळे खाली सकाळपासून माणसांची ये-जा होती. जैनांचे भाद्रपदातले उपासांचे पर्व संपले की एकमेकांच्या दाराशी जायचे, हात जोडायचे आणि ठरलेले वाक्य म्हणायचे: वर्षभरात मनाने, वाचेने, कायेने, जाणता-अजाणता काही चुकले असेल तर क्षमा असावी. तो त्याच्या माहितीतला सर्वांत जुना साचा. सकाळी आई त्यालाही ते म्हणाली, आणि त्याने जिन्याच्या पायरीवरून, हातात फोन धरून, तेच परत म्हटले. सगळ्यांना सारखे, चौकटी तयार, आत काही भरायचे नाही. लहानपणापासून या वाक्याबद्दल त्याचे हेच मत होते, आणि त्याला आधार होता तो गोपीचंदकाकांचा. त्याचे वडील लखमीचंद आणि काका यांचे दुकानाच्या वाटणीत मधल्या भिंतीवरून बिनसले ते कायमचे. वर्षभर अबोला. पण क्षमावाणीला काका येत, उंबऱ्याबाहेर उभे राहून सबंध वाक्य म्हणत. वडील उंबऱ्याआत उभे राहून सबंध वाक्य म्हणत. आणि काका पाणीही न घेता परत जात. श्रेयांसला ते नाटक वाटे. त्या दोघांत वर्षभरात तेवढे एकच वाक्य उरले होते, हे त्याने कधी जमेस धरले नव्हते. शेवटच्या वर्षी काका लकव्यातून उठून, मुलाच्या दंडाला धरून आले. हात जोडले, तोंड उघडले, आणि नुसता एक ओलसर आवाज आला. वडील थांबले. सगळे थांबले. श्रेयांस कॉलेजातून सुट्टीला आला होता, तो आतल्या दाराशी उभा होता. काकांचा जबडा हलत राहिला. तेव्हा वडील म्हणाले, “गोपीचंद म्हनून राह्यला, वर्षभरात मनानं, वाचेनं, कायेनं,” आणि भावाचे सबंध वाक्य भावाच्या वतीने, त्याच्या तोंडाकडे पाहत, शेवटापर्यंत म्हटले. मग आपले म्हटले. मग उंबरा ओलांडून त्यांनी काकांना दंडाला धरले, आत आणले आणि गादीवर बसवले. श्रेयांसने हे सारे पाहिले होते आणि एक भावुक प्रसंग म्हणून बाजूला ठेवून दिले होते. आता त्याच्या लक्षात आले की चौकट त्या दिवशीही तीच होती. ती भरायची कोणी, एवढेच बदलले होते.

दिवस मावळण्याआधी जेवायचे असल्यामुळे आईने खालून हाक मारली. तो लॅपटॉप घेऊन खाली गेला. पर्वात वर्ज्य असलेली हिरवी भाजी आज पुन्हा ताटात होती: दोडका. आई भाकरीच्या कडेवरून बोट फिरवून ती भाजली गेली का पाहत होती.

“आज एका हाकेत आला?”

“आई, तो श्वास घेत नाही म्हणजे नेमकं काय होतं?”

बोट भाकरीवर थांबले. “कोन?”

“कानोसा.”

“जेव अगोदर. जेवताना नाई सांगाचं.”

“जेवतानाच सांग.”

“आता कायले? तो म्हने, माहिती आढळली नाई.”

“तो म्हणजे मी नव्हतो, आई.”

“आवाज तं तुहाच होता, बाबू,” ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. आकडा सांगावा तसे तिने ते सांगितले. “म्या म्हनलं, कामात असन. कामात तू असाच बोलते.”

त्याने ताट थोडे बाजूला सारले आणि लॅपटॉप उघडला. जुनी नोंद पुन्हा खुली केली. चौकटी तशाच होत्या, रिकाम्या. फोन कोणता, आवृत्ती कोणती, हे त्याला ठाऊक होते. ते त्याने भरले. मग पुढची चौकट, जशी लिहिली होती तशी, मोठ्याने वाचली: तुमची अपेक्षा काय होती?

“अपेक्षा कायची?” आई म्हणाली. “ओळ संपली का जरा थांबावं त्यानं. मानूस थांबते तसं.”

त्याने लिहिले. शब्द बदलले नाहीत.

“आणि प्रत्यक्षात काय घडलं?”

“तो थांबला नाई.” आईने गरम भाकरी त्याच्या ताटात ठेवली आणि हात पदराला पुसले. “मंग मीच थांबली.”

हेही त्याने लिहिले. ते नीट लिहिले गेले की नाही हे पाहण्यासाठी त्याला थोडा वेळ पडद्याकडे पाहावे लागले. दुरुस्ती अवघड नव्हती: रकाना आणि पाठ यांत फरक करायचा, आणि पाठाच्या ओळीनंतर विराम परत ठेवायचा. प्रश्न मापाचा होता. विराम किती असावा, याचे त्याला काहीच प्रमाण नव्हते. त्याने विचारले.

“ते कसं सांगू?” आईला हसू आले. “थांबाचं कोनी मोजून थांबते का? तू वाच पुस्तकातून. मी म्हनते संगं. समजन तुले.”

पुस्तक कापडात गुंडाळून कोनाड्यात होते. आत खूण म्हणून आईचा जुना चष्मा घडी घालून ठेवलेला होता. तो तिने काढला नव्हता. श्रेयांसने तो काढून मांडीवर ठेवला. लॅपटॉप उजव्या हाताला घेतला आणि एका कळीवर बोट ठेवले: आईने श्वास आत घ्यायला सुरुवात केली की कळ दाबायची, पुढच्या ओळीला सोडायची, असे काही ओळी केले की मधला आकडा काढता येईल. पद्धत बरी होती. आई भिंतीला टेकून बसली, तिचे तोंड त्याच्याकडे नव्हते, थोडे पलीकडे, जिथे आवाज येतो असे तिला वाटत होते तिथे. त्याने पहिली ओळ वाचली. आवाज अपरिचित वाटला, कारण तो तुकड्यांचा नव्हता. आईचा आवाज त्याच्याखाली येऊन चालू लागला, किंचित मागे, जुन्या खणखणीत सुराची नुसती कड धरून. ओळ संपली. तो थांबला. आईचा श्वास आत गेला, मध्ये कुठेतरी बारीक अडला, ती अडचण ओलांडून पुढे गेला आणि भरला. त्या अडण्याचा आवाज त्याला नवा नव्हता; लहानपणी दुकानावरच्या खोलीत तो तापाने पडलेला आणि आई रात्रभर शेजारी बसलेली असताना तो त्याने ऐकला होता, त्याला शब्द नव्हता एवढेच. दुसरी ओळ. बाहेर कोणी कोणाच्या दाराशी ठरलेले वाक्य म्हणत होते, आणि कोणी ते परत म्हणत होते. तिसरी. चौथी. प्रत्येक ओळीनंतर तो थांबला, आईने श्वास भरून घेतला, आणि मग ते दोघे निघाले. कडवे संपले तेव्हा उजेड पिवळा होऊन ताटावर आला होता आणि भाकरी निवली होती.

“झालं मोजून?” आईने विचारले.

त्याने बोटाकडे पाहिले. ते कळीवर जसे ठेवले होते तसेच होते. एकदाही दाबले गेले नव्हते.

“नाही,” तो म्हणाला. “पहिल्यापासून घ्यावं लागेल.”

“मंग घे न,” आई म्हणाली, पदर सारखा केला, आणि त्याने ओळ सुरू करण्याआधीच श्वास घेऊन तयार राहिली.